डेथ मॅग्नेटिक परत ऐकताना: गाणी भारी, मग डोकं का दुखतं?

मेटालिका या अमेरिकन मेटल बँडच्या फॅन लोकांमध्ये एक वाद कायम चालू असतो, की 1991 नंतर या बँडने काही धड केलं की नाही. अर्ध्या लोकांच्या मते त्या वर्षीच्या ब्लॅक अल्बमनंतर दुकान बंद झालं, काही जण लोड-रीलोड या पुढच्या दोन अल्बमची बाजू घेऊन भांडतात, आणि त्यानंतरच्या सेंट अँगरचं नाव काढलं की सगळेच विषय बदलतात. या सगळ्यात 2008 चा डेथ मॅग्नेटिक हा अल्बम मात्र विचित्र जागी अडकलाय. गाणी चांगली आहेत हे बहुतेक जण कबूल करतात, पण परत ऐकायला कोणी घेत नाही. का विचारलं तर उत्तर येतं, अरे आवाज कसातरीच आहे, चार गाण्यांत डोकं उठतं. आणि मग लाउडनेस वॉर, ब्रिकवॉल, क्लिपिंग असे दोन-तीन शब्द फेकले जातात आणि समोरचा मान डोलावतो. त्या शब्दांचा अर्थ काय, आवाजाचं नेमकं काय बिघडलं, कोणी बिघडवलं आणि आज ऐकायचं झालं तर काय करायचं, हे सगळं सावकाश बघू. गणित फारसं नाही, एक छोटा हिशोब आहे फक्त.

आधी बँडची तेव्हाची हालत बघायला हवी, नाहीतर पुढचं पटणार नाही. 1981 ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला बँड 2008 पर्यंत चांगला पंचविशी ओलांडून गेला होता, जेम्स हेटफील्ड आणि लार्स उलरिच दोघं पंचेचाळिशीच्या आसपास. मधली काही वर्षं वाईट गेली होती. 2000 मध्ये नॅपस्टरवर, म्हणजे जिथून लोक एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायचे त्या सॉफ्टवेअरवर, केस टाकून त्यांनी स्वतःच्याच फॅन पोरांच्या शिव्या खाल्ल्या, 2001 मध्ये बेसिस्ट जेसन न्यूस्टेड सोडून गेला, त्याच वर्षी हेटफील्ड दारूच्या व्यसनावर उपचार घ्यायला रिहॅबमध्ये गेला, आणि हे सगळं होऊन 2003 मध्ये जो सेंट अँगर आला त्यात कर्क हॅमेटसारखा गिटारिस्ट असून एकही सोलो, म्हणजे गाण्यात मध्ये एकट्या गिटारची जागा, नव्हता. वर लार्सने स्नेअर ड्रमखालच्या तारा सैल सोडून वाजवलं, त्यामुळे पूर्ण अल्बमभर कोणीतरी डबा बडवतंय असं वाटत राहतं. लोक अजून त्यावर मीम बनवतात.

म्हणजे पुढच्या अल्बमला परीक्षा होती. ब्लॅक अल्बमपासून सोबत असलेला प्रोड्युसर बॉब रॉक गेला, रिक रुबिन आला. रुबिनची ख्याती अशी की म्हाताऱ्या होत चाललेल्या कलाकारांना तो त्यांच्या मूळ गोष्टीकडे परत नेतो, कंट्री गायक जॉनी कॅशच्या शेवटच्या वर्षांतलं काम त्यानेच केलं. मेटालिकालाही त्याने तेच सांगितलं, की तुम्ही मेटालिका आहात हे विसरा, तुमच्याकडे एकही हिट गाणं नाही असं समजा आणि मग काय वाजवाल ते वाजवा. न्यूस्टेडच्या जागी बेसिस्ट रॉबर्ट ट्रुहियो 2003 मध्येच बँडमध्ये आला होता, पण त्याचा हा पहिला स्टुडिओ अल्बम. 12 सप्टेंबर 2008 ला अल्बम आला, दहा गाणी, जवळपास 75 मिनिटं. सोलो परत, सात-आठ मिनिटांची वळणं घेणारी गाणी परत, गिटारचं ट्यूनिंगही बऱ्यापैकी जुन्यासारखं. अमेरिकेत पहिल्या तीनच दिवसांत पाच लाखांच्या जवळ कॉपी गेल्या, आणि "माय अपोकॅलिप्स"ला ग्रॅमी मिळालं. एवढं सगळं चांगलं झालं, आणि तरी पहिल्याच आठवड्यात फॅन लोक कुरकुर करायला लागले.

आता आवाजाकडे येऊ. सीडीवर गाणं म्हणजे शेवटी आकड्यांची यादी असते. एका सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची त्या क्षणाची पातळी मोजून लिहिलेली, आणि प्रत्येक वेळी लिहायला 65,536 पायऱ्या. यातली सगळ्यात वरची पायरी म्हणजे छत. त्याला शून्य डेसिबल म्हणतात आणि बाकी सगळं त्याच्या खाली उणे आकड्यांत मोजतात, उणे 6, उणे 20 असं. इथे एक घोळ नेहमी होतो, कारण आपल्याला डेसिबल माहीत असतात ते विसर्जन मिरवणुकीच्या बातमीतले, अमुक चौकात इतके डेसिबल नोंदले वगैरे. ते हवेतल्या दाबाचं माप, स्पीकरसमोर उभं राहून मोजलेलं. सीडीवरचं माप वेगळं, ते फक्त इतकंच सांगतं की छतापासून सिग्नल किती खाली आहे. तुम्ही घरी व्हॉल्यूमचं बटण कुठे ठेवता याच्याशी त्याचा संबंध नाही.

छताच्या वर जागा नाही हे लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यावरून निघतं. एनालॉग टेपवर थोडं जास्त झालं तर टेप ते हळूहळू सामावून घ्यायची, आवाज जरा गोल व्हायचा, पुष्कळांना तो आवडायचाही. डिजिटलमध्ये तसलं काही नाही. संपली पायरी की संपली.

पण आपला कान आवाज मोठा आहे की नाही हे टोकांवरून ठरवत नाही, तो बऱ्याच अंशी सरासरीवरून ठरवतो. ड्रमचा एक फटका छताला टेकून परत येतो, त्याला काही मिलिसेकंद लागतात, तेवढ्याने गाणं "मोठं" वाटत नाही. मागे सतत जे चालू असतं ते किती भरलेलं आहे यावर वाटतं. म्हणजे एकाच छताखाली दोन रेकॉर्डिंग असू शकतात, दोघांची टोकं सारखीच उंच, पण एक शांत वाटेल आणि दुसरं अंगावर येईल. टोक आणि सरासरी यांच्यातलं हे अंतर म्हणजेच गाण्याचा श्वास. इंजिनियर लोक त्याला डायनॅमिक रेंज म्हणतात, थोडं ढिलं बोलून, पण चालतंय.

ढोल-ताशा पथक ज्यांनी जवळून ऐकलंय त्यांना हे सांगायला नको. ताशा एकटा कडकडत असतो, ढोल थांबलेले, सगळे टिपरू वर धरून उभे, आणि मग एकदम साठ-सत्तर ढोल पडतात तेव्हा छातीत धक्का बसतो. तो धक्का ढोलाचा जितका असतो तितकाच आधीच्या थांबण्याचा असतो. तेच ढोल अर्धा तास सलग एकाच जोराने वाजवले तर पाचव्या मिनिटाला माणूस बाजूला होऊन चहाची टपरी शोधतो.

आता सरासरी वर कशी ढकलतात ते बघू, त्याचं यंत्र म्हणजे कंप्रेसर. हा तो छोटा हिशोब. समजा गाण्यात एक हळू जागा आहे उणे 24 वर आणि एक जोराची जागा उणे 12 वर, दोघांत अंतर 12 डेसिबल. कंप्रेसरला सांगितलं की उणे 20 च्या वर जे येईल ते चारास एक या प्रमाणात दाब. हळू जागा उणे 20 च्या खालीच आहे, तिला हात लागला नाही. जोराची जागा 8 डेसिबल वर होती, ती आता फक्त 2 वर राहिली, म्हणजे उणे 18. अंतर 12 चं 6 झालं. आणि आता छताखाली जागा मोकळी झाली म्हणून अख्खं गाणं 6 डेसिबलने वर उचललं. शेवटी काय झालं? जोराची जागा होती तिथेच उणे 12 वर आली, आणि हळू जागा उणे 24 वरून उणे 18 वर. सिग्नलच्या भाषेत 6 डेसिबल म्हणजे दुप्पट. म्हणजे कंप्रेसर मोठ्याला मोठं करत नाही, तो लहानाला मोठ्याच्या रांगेत आणून उभं करतो.

यात वाईट काही नाही, उलट कंप्रेसरशिवाय आजचं एकही गाणं बनत नाही. लता मंगेशकरांपासून कोणाचाही आवाज वाद्यांच्या गर्दीत स्थिर ऐकू यावा म्हणून रेकॉर्डिस्ट पातळी सांभाळतच आलेत, आधी हाताने, मग यंत्राने. प्रश्न प्रमाणाचा आहे. कंप्रेसरचा कडक भाऊ म्हणजे लिमिटर, तो एका रेषेच्या वर काही जाऊच देत नाही. 1990 च्या दशकात डिजिटल लिमिटर आले जे येणारा फटका आधीच बघून ठेवतात आणि तो यायच्या आत दाबून टाकतात, मग स्टुडिओत कोणालाही दोन क्लिकमध्ये गाणं मोठं करता यायला लागलं. आणि लिमिटरही पुरेना झाला की शेवटचा उपाय, सरळ छतावर आपटायचं. लाट छताच्या वर जायला बघते, जागा नाही, मग तिचं डोकं सपाट कापलं जातं. हेच क्लिपिंग.

आता कोणी म्हणेल की मेटलमध्ये आवाज फाटलेला नसेल तर मेटल कशाला म्हणायचं. बरोबर आहे. इलेक्ट्रिक गिटारचं डिस्टॉर्शन म्हणजे क्लिपिंगच, अँप्लिफायर मुद्दाम जास्त चढवून लाटेची डोकी कापायची, त्यातून नवे वरचे सूर तयार होतात आणि तो खरखरीत भरीव आवाज येतो. पण तिथे एकच वाद्य कापलं जातं. पूर्ण मिक्स, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र केलेलं गाणं, कापलं की बास ड्रम, गाणारा, झांजा, गिटार सगळे एकाच लाटेत असतात, आणि बास ड्रमचा फटका छताला आपटला की त्या क्षणी हेटफील्डचा आवाजही कापला जातो, ज्याचा काही दोष नव्हता. एकाचं ओझं दुसऱ्यावर. म्हणून डेथ मॅग्नेटिकमध्ये ड्रमबरोबर जी कर्र-कर्र येते ती गिटारच्या डिस्टॉर्शनसारखी वाटत नाही, स्पीकर फाटलाय असं वाटतं. कितीतरी लोकांनी खरंच स्पीकरच्या वायरी तपासल्या असणार.

मेटलला हे जास्त लागतं त्याचंही कारण यातच आहे. डिस्टॉर्शनवाली गिटार आधीच सपाट असते, तार छेडल्यापासून बराच वेळ एकाच जोराने गुरगुरत राहते, तिच्यात चढउतार फारसा उरलेला नसतो. चढउतार उरतो तो ड्रममध्ये. ड्रमची टोकंही कापली तर मग ऐकायला राहिलं काय? भिंत. ब्रिकवॉल म्हणतात ते याच अर्थाने, आणि बघायचं असेल तर ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, सीडीवरचं एखादं गाणं उघडा. 1986 च्या त्यांच्याच अल्बमचं गाणं झाडाच्या फांद्यांसारखं दिसतं, बारीक-जाड, मध्ये मोकळी जागा. डेथ मॅग्नेटिकचं गाणं विटेसारखं दिसतं, वरून-खालून कापलेली वीट. व्ह्यू मेनूमध्ये क्लिपिंग दाखवायचा पर्याय आहे, तो चालू केला की लाल रेघांनी स्क्रीन भरून जाते.

याचं एक माप पण आहे, डीआर नावाचं. गाण्याचं टोक आणि गाण्यातल्या सगळ्यात जोराच्या भागांची सरासरी, यांच्यातलं अंतर साधारण किती, ते एका आकड्यात सांगतात. मेटालिकाच्या ऐंशीच्या दशकातल्या सीडी दहाच्या वर येतात. डेथ मॅग्नेटिकची सीडी येते तीनवर. तीन! एखादा ट्रक चढावर पहिल्या गिअरमध्ये घोंघावत असतो त्यातसुद्धा याहून जास्त चढउतार असेल, असं मला कधीकधी वाटतं.

बरं, मग इतके शहाणे लोक, जगातले महागडे स्टुडिओ, आणि हे असं का करतात? कारण जुनं आणि अगदी मानवी आहे. 1933 मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही, आणि आवाज हळू असताना खालचा बास आणि अगदी वरचे सूर कानाला कमी पोचतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणजे एकच गाणं थोडंसं मोठं वाजवलं की ते जास्त भरीव, जास्त चकचकीत वाटतं, आणि ऐकणारा म्हणतो हे दुसरं व्हर्जन चांगलंय. त्याला कळतही नाही की फरक फक्त व्हॉल्यूमचा होता. हे माहीत असलेले इंजिनियरसुद्धा फसतात. मालिका चालू असताना जाहिरात आली की आपण रिमोट शोधतो ना, ती पण हीच युक्ती, फक्त तिथे आपल्याला राग येतो कारण विकायचं काहीतरी असतं.

ज्यूकबॉक्सच्या काळात पण हे होतं, आपली रेकॉर्ड शेजारच्या रेकॉर्डपेक्षा मोठी वाजावी म्हणून कंपन्या धडपडायच्या. पण व्हिनाइलला शरीर होतं. खाच जास्त रुंद कापली तर जागा जास्त खाते, बाजूला मावणारी मिनिटं कमी होतात, आणि फारच केलं तर सुई उडते. निसर्गच लगाम घालायचा. 1982 मध्ये सीडी आली आणि लगाम गेला, गंमत म्हणजे पहिली दहा वर्षं कोणी त्याचा गैरफायदा घेतला नाही, ऐंशीच्या दशकातल्या सीडी आज ऐकल्या तर किती मोकळ्या वाटतात. मग पाच डिस्कचे चेंजर आले, गाडीत सीडी आली, आणि शेजारच्या डिस्कपेक्षा आपली हळू वाटतेय म्हणून कोणीतरी वाढवली, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. कोणालाच थांबता येईना, कारण जो थांबेल त्याचं गाणं पुचाट वाटणार. 1995 मध्ये ओएसिस या बँडचा दुसरा अल्बम आला तेव्हा तो मोठा म्हणून गाजला, 1999 च्या रेड हॉट चिली पेपर्सच्या कॅलिफोर्निकेशनबद्दल तर ऐकणाऱ्यांनी ओरडा केला, आणि त्याचा प्रोड्युसर कोण? रिक रुबिनच. म्हणजे 2008 चं हे प्रकरण अचानक आभाळातून पडलेलं नव्हतं.

आणि रेडिओसाठी मोठं करावं लागतं हा जो बचाव असतो तो तर पोकळ आहे. एफएम स्टेशनकडे 1970 च्या दशकापासून स्वतःची यंत्रं आहेत, ऑप्टिमॉडसारखी, जी येणारं प्रत्येक गाणं एका पातळीला आणून सोडतात. तिथे आधीच चिरडलेलं गाणं पाठवलं तर ते मोठं वाजत नाही, अजून खराब वाजतं.

आता खरी मजा. डेथ मॅग्नेटिक पकडला कसा गेला? एका व्हिडिओ गेममुळे. गिटार हिरो थ्री या गेमसाठी पूर्ण अल्बम सीडी आली त्याच दिवशी डाउनलोडला आला होता. गेममध्ये तुम्ही गिटारचा सूर चुकवलात तर फक्त गिटार बंद व्हायला हवी, ड्रम आणि गाणं चालू राहायला हवं, त्यामुळे गेमवाल्यांना वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक द्यावे लागतात, आणि ते शेवटच्या चिरडण्याच्या आधीचे गेले. पोरांनी गेममधून तो ऑडिओ काढला, सीडीशेजारी ठेवला, आणि फरक डोळ्यांना दिसला. गेममधल्या लाटेला डोकी होती. सीडी जवळपास 10 डेसिबलने मोठी होती, म्हणजे कानाला साधारण दुप्पट जोराची. लहान पोरांनी प्लॅस्टिकच्या गिटारवर बटणं दाबायच्या गेममध्ये चांगला आवाज, आणि पैसे मोजून घेतलेल्या सीडीवर खराब. एरवी असला तांत्रिक वाद स्टुडिओवाल्यांच्या चहाच्या टेबलापलीकडे जात नाही, पण इथे पुरावाच हातात होता, तेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांनी सुद्धा बातम्या केल्या. हजारो फॅननी पिटिशनवर सह्या केल्या की परत मिक्स करा किंवा परत मास्टर करा.

सगळ्यांनी आधी मास्टरिंग इंजिनियरला धरलं. गाणं तीन टप्प्यांत तयार होतं, आधी वाद्यं रेकॉर्ड, मग ती एकत्र तोलून मिक्स, आणि शेवटी मास्टरिंग, म्हणजे सगळ्या गाण्यांची पातळी, रंग एकसारखा करून कारखान्यात पाठवायची शेवटची प्रत. लाउडनेसचा शिक्का तिथेच लागतो असं सगळे धरून चालतात. इथे मास्टरिंग होतं न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमधल्या टेड जेन्सनचं, या धंद्यातला फार मोठा माणूस. त्याने एका फॅनला उत्तर देताना स्पष्ट लिहिलं की माझ्याकडे आले तेव्हाच मिक्स चेपलेले होते, आणि या कामाशी माझं नाव जोडलं गेल्याचा मला अभिमान नाही. असं उघडपणे कोणी बोलत नाही, क्लायंट मेटालिका असताना तर नाहीच. म्हणजे क्लिपिंग मिक्सच्या टप्प्यावरच झालं होतं, आणि एकदा मिक्समध्ये डोकी कापली गेली की नंतर व्हॉल्यूम कमी करून काही उपयोग नाही. सपाट डोकं हळू आवाजातही सपाटच राहतं.

लार्सला मुलाखतीत विचारलं तर तो म्हणाला की आवाजात काही गडबड नाही, मला आवडतो, गाडीत ऐकला मस्त वाटला. मला हा माणूस खोटं बोलतोय असं वाटत नाही. सेंट अँगरनंतर सगळं जग तुम्हाला संपलेले म्हणतंय, तुम्ही पंचेचाळिशीला आलात, आणि तुम्हाला दाखवायचंय की अजून दात आहेत, अशा वेळी स्टुडिओत कोणी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर सरकवला तर थांब कोण म्हणणार? या बँडची ही जुनी खोड पण आहे. 1988 च्या अँड जस्टिस फॉर ऑलमध्ये नवीन आलेल्या न्यूस्टेडचा बास शोधून सापडत नाही, सेंट अँगरमध्ये डबा, आणि इथे वीट. दर काही वर्षांनी हे लोक आवाजाच्या बाबतीत असा एखादा हट्ट करतात जो चुकतोय हे बाहेरच्या कुठल्याही माणसाने पाच मिनिटांत सांगितलं असतं. रुबिनला मात्र मी जास्त धरतो. त्याला बाहेरचा कान म्हणूनच आणलं होतं ना.

आपल्याकडे तेव्हा हा वाद फारसा पेटला नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. मुंबईत ऱ्हिदम हाऊसमध्ये जाऊन ओरिजिनल सीडी घेणारे होते, पण बाकी कॉलेजची पोरं हॉस्टेलच्या लॅनवरून, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरवरून, आलेली 128 केबीपीएसची हलक्या दर्जाची एमपीथ्री कॉम्प्युटरच्या टिनपाट स्पीकरवर ऐकायची, तिथे सगळंच कर्र-कर्र वाजायचं, त्यात मेटालिकाची कर्र वेगळी कशी काढणार? तीन वर्षांनी, 30 ऑक्टोबर 2011 ला बँड बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजला, पुण्या-मुंबईची पोरं रात्रीच्या बसने गेली. त्याच्या दोन दिवस आधीचा गुडगावचा शो रद्द झाला होता, त्यामुळे बंगळुरूचा तरी होतोय का म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. स्टेजवरच्या लार्सच्या ड्रमला कोणी लिमिटर लावून वीट करत नाही, आणि ज्यांनी हा बँड आधी फक्त चेपलेल्या फायलींतून ऐकला होता त्यांना तिथे फटका म्हणजे काय ते कळलं.

आज ही शर्यत जवळपास निरर्थक झालीये, आणि ती कोणाच्या सद्बुद्धीने थांबली नाही, ॲपमधल्या एका सेटिंगने थांबली. 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आवाजाची सरासरी कानाच्या हिशोबाने मोजायची एक पद्धत ठरवली, त्याचं एकक एलयूएफएस. मुळात ती टीव्ही-रेडिओच्या जाहिरातींच्या त्रासासाठी होती. स्ट्रीमिंगवाल्यांनी तीच उचलली. स्पॉटिफायवर नॉर्मलाइज हा पर्याय आधीपासून चालूच असतो, तो प्रत्येक गाणं साधारण उणे 14 एलयूएफएसला आणून ठेवतो, जे मोठं असेल ते खाली ओढतो. म्हणजे डेथ मॅग्नेटिकच्या सीडीसारखं मास्टर तिथे टाकलं की ॲप त्याला मुकाट्याने बरेच डेसिबल खाली आणतं. मिळवलेलं सगळं गेलं, कापलेली डोकी मात्र परत आली नाहीत. आणि त्याच्यापाठोपाठ ऐंशीच्या दशकातलं मोकळं गाणं लागलं तर त्याचा स्नेअर छतापर्यंत खुशाल उडी मारतो, आणि तेच जास्त दणकट वाटतं. ज्या खेळात मोठा जिंकायचा त्यात आता मोठाच हरतो.

तरी आजही गाणी चेपलेलीच येतात ते का, हा प्रश्न पडेल. एक तर सवय, दुसरं म्हणजे काही प्रकारांत तो चेपलेला आवाजच आता शैली झालाय, आणि तिसरं, फोनच्या स्पीकरवर बसमध्ये ऐकायचं तर हळू जागा गाडीच्या आवाजात बुडतात, तिथे थोडं चेपलेलं सोयीचंच पडतं. खुद्द मेटालिकाने 2016 चा हार्डवायर्ड केला तो रुबिनशिवाय, ग्रेग फिडेलमनसोबत, जो डेथ मॅग्नेटिकवर इंजिनियर होता. तो पण काही फार मोकळा नाही, पण ऐकवतो. आणि डेथ मॅग्नेटिकची कमी चेपलेली आवृत्ती 2015 मध्ये ॲपलच्या आयट्यून्सवर आली, फार गाजावाजा न करता. पिटिशनवाल्यांचं सात वर्षांनी अर्धं काम झालं म्हणा.

मग आता ऐकायचं कसं. शक्य असेल तर ती 2015 ची आवृत्ती, नसेल तर गेममधून काढलेलं व्हर्जन फॅन लोकांनी इंटरनेटवर इतकं फिरवलंय की सापडतंच, त्याच्या कायदेशीरपणाबद्दल मी काही बोलत नाही. फक्त तुलना करताना एक करा, सीडीवाल्याचा व्हॉल्यूम कमी करून दोघांना एका पातळीवर आणा, नाहीतर कान पुन्हा मोठ्यालाच मत देणार. "द डे दॅट नेव्हर कम्स" घ्या. जवळपास आठ मिनिटांचं गाणं, सुरुवात स्वच्छ, हळू गिटारने, आणि अर्ध्यानंतर ते जे पळत सुटतं ते त्यांच्या जुन्या दिवसांसारखं. सीडीवर हळू आणि जोरातला फरक इतका कमी झालाय की गाणं बदललं हे कळतं पण अंगावर येत नाही. मोकळ्या व्हर्जनमध्ये तीच जागा खुर्चीतून उठवते. अल्बमच्या अगदी सुरुवातीला हृदयाचे ठोके आहेत, मग क्लीन गिटार, मग सगळा बँड, तिथेही हेच करून बघा.

गाण्यांबद्दल माझं मत मागाल तर "ऑल नाइटमेअर लाँग" हे त्यांच्या 1991 नंतरच्या कामातलं सगळ्यात चांगलं, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. "ब्रोकन, बीट अँड स्कार्ड"चे शब्द जरा जिमच्या भिंतीवरच्या पोस्टरसारखे आहेत पण हेटफील्ड ते इतक्या खुन्नसने म्हणतो की चालून जातात. "द जुडास किस" लोक विसरतात, विसरू नये. "द अनफरगिव्हन थ्री" पियानो आणि ऑर्केस्ट्राने सुरू होतं आणि मला वाटत राहतं की दुसऱ्याच अल्बममधलं गाणं चुकून इथे आलं, पण त्यातला हॅमेटचा सोलो ऐकायला थांबा. आणि "सुइसाइड अँड रिडेम्प्शन" हे जवळपास दहा मिनिटांचं इन्स्ट्रुमेंटल सीडीवर ऐका, आयट्यून्सवर ऐका, गेममधून काढून ऐका, चार मिनिटांनी लांबच आहे, त्याला कुठलंच मास्टरिंग काही करू शकत नाही.